तपकिरी कशावरून

तेजरामांचं तोंड सकाळपासून चालू होतं. बोलण्यासाठी चालू असतं, तर त्यांच्या बायकोची, सत्यभामाबाईंची, तक्रार नसती. ते ओसरीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी चोळायला बसले की त्या सुरू होत, "अजी, म्या बाईमाणसानं तपकीर सोडली. विहारात, साऱ्या मोहल्ल्यासमोर. तुमच्यानं एक खर्रा सुटून नाही राहिला?"

करडी गावातल्या त्या घरात गेली चार वर्षं या एका वाक्याचं राज्य होतं.

त्या दिवशी नात प्रतीक्षा शाळेची वही घेऊन बसली होती. रंगाचं नाव कशावरून पडलं ते लिहायचं आणि ती वस्तू शेजारी चिकटवायची. जांभळ्यापुढे जांभळाची साल, विटकरीपुढे विटेची भुकटी, राखाडीपुढे चुलीतली राख; सगळं आजीनंच पुरवलं. पुढच्या रंगाला मात्र पोरगी कॉफीची पुडी फोडायला लागली.

"हे काय वं?"

"तपकिरी रंग, आजी. कॉफीवरून."

"कोन सांगतलं तुले? तपकीर, जे नाकात ओढतेत, तिच्यावरून पडलं ते नाव."

तेजरामांचा पन्नी चोळणारा अंगठा थांबला. "काहीतरीच. तपकीर काळी असते. कॉफीच लिही पोरी."

"काळी?"

"कोळशावानी. म्या पाह्यली हाय ना."

सत्यभामाबाई दुसरीपर्यंतच शिकल्या होत्या, पण कोणत्या गोष्टीचं नाव कुठून आलं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. पोरीनं पेन टेकवलं. आता हे खोटं घराच्या आडनावासकट शाळेत जाणार!

"थांब!"

त्या आत गेल्या. तांदळाच्या कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात पितळेची इवलीशी डबी होती. आतली तपकीर कालच भरल्यासारखी ताजी. चिमूटभर वहीवर पडली. रंग तंतोतंत तोच.

वर पंखा गरगरत होता. आधी प्रतीक्षा शिंकली, मग तेजराम. शिंका ऐकून शेजारच्या कुंताबाई धावत आल्या आणि दारातच त्यांनाही शिंक आली. एकट्या सत्यभामाबाईंच्या नाकाला काहीच झालं नाही.

कुंताबाईंनी डबी पाहिली, मग ते नाक पाहिलं. "काहून वो बाई, सोडली होती ना तुमी?"

चार वर्षांत पहिल्यांदाच तेजरामांनी खर्रा निवांत तोंडात टाकला आणि हसले.

सत्यभामाबाईंनी डबी बंद केली आणि सगळ्यांदेखत कमरेला खोचली.

"दात नका दाखवू, अजी. माह्या तपकिरीवरून एका रंगाले नाव पडलं. तुमच्या खर्र्यानं अर्धी भिंत रंगली, त्या रंगाले अजून कोनी नाव नाही देल्लं!"