बर्फाखालचा दात

डार्लीनने कपाटातून ओरेस्टचं हलकं जाकीट काढलं, झटकलं, आणि खिशात काहीतरी खुळखुळलं म्हणून हात घातला. हाताला खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी लागली. तिने झाकण उघडलं आणि तिथूनच विचारलं, "ओरेस्ट, हा कुणाचा दात रे?"

ओरेस्ट हलुश्का त्या वेळी ओटची लापशी खात होता. चमचा तोंडात तसाच राहिला.

"कुठे सापडला?" त्याने चमचा खाली ठेवत विचारलं.

"तुझ्या जाकिटात. सप्टेंबरपासून इथेच लटकतंय ते. थंडी ओसरली म्हणून काढलं."

"दार लाव," ओरेस्ट म्हणाला.

"घरात आपण दोघंच आहोत."

"तरी लाव."

टॅमरॅक लेक गावात तो दात ज्याच्या ओळखीचा नव्हता असं माणूस नव्हतं, आणि तो पाहिलेली माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गावाचा व्यावसायिक आइस हॉकी संघ म्हणजे टॅमरॅक पाइक. नाव तळ्यातल्या दातेरी माशावरून घेतलेलं. संघाने करंडक एकदाच जिंकला होता, बासष्ट वर्षांपूर्वी, मूस रिजला हरवून. त्या सामन्यात कर्णधार बड मॅक्लिशचा पुढचा दात पडला आणि तोंडातून रक्त गळत असतानाच त्याने विजयी गोल केला. सामना संपल्यावर बर्फ तासताना मैदानाच्या रखवालदाराला तो दात सापडला. पुढच्या मोसमात त्याने तो मैदानाच्या मधोमध, निळ्या ठिपक्याखाली ठेवून वर बर्फ धरला. तेव्हापासून दर सप्टेंबरला बर्फ धरणारा माणूस दिवे मालवून, एकटा, दात मधोमध ठेवतो, वरून पाणी सोडतो आणि बर्फ धरल्यावर त्यावर निळा ठिपका रंगवतो, म्हणून दात कुणाला दिसत नाही. खेळाडू मैदानात उतरले की ठिपक्यावर काठी टेकवतात आणि मगच खेळायला लागतात.

गेली एकोणीस वर्षं हे काम ओरेस्टकडे होतं. यंदा त्याने डबी खिशातून काढली आणि नेमकी त्याच क्षणी यंत्रखोलीतली, बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाच्या गळतीची घंटा वाजली. डबी परत खिशात टाकून तो धावला. दोन तास यंत्राशी झटापट केली, परत आला आणि पाणी सोडलं.

"म्हणजे सबंध मोसम पोरं नुसत्या रंगाला काठ्या टेकवत होती?" डार्लीनने विचारलं.

"हळू बोल."

"आणि उद्या सातवा सामना."

"हळू बोल म्हटलं ना!"

उद्या शनिवारी दुपारी अंतिम फेरीचा सातवा, निकाली सामना होता. समोर पुन्हा मूस रिजच. दोघांनी तीन-तीन सामने जिंकले होते.

डार्लीन खुर्ची ओढून बसली. ती शाळेत हिशेबनीस होती आणि गोष्टी क्रमाने मांडायची तिला सवय होती. "हे बघ. दात खाली असताना आपण अंतिम फेरीत किती वेळा गेलो?"

"चारदा."

"आणि?"

ओरेस्टला ते चारही पराभव पाठ होते. पहिल्यात कर्णधाराच्या बुटाचं पातं मोडलं. दुसऱ्यात अकरा सेकंद उरलेली असताना गोल बसला. तिसऱ्यात गोलरक्षकाला गालगुंड झालं. चौथ्यात आपल्याच खेळाडूने चकती आपल्याच जाळ्यात मारली.

"आणि यंदा दात नाही," डार्लीन म्हणाली. "बारा संघांत आठवे आलो होतो. एका गुणाने बाद फेरीत शिरलो, आणि आता बघ. मी तर म्हणते, गप्प बस."

ओरेस्टलाही ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तो जास्त घाबरला. दात आत्ता ठेवला आणि संघ हरला, तर त्याने ठेवला म्हणून हरला. नाही ठेवला आणि हरला, तर त्याने ठेवला नाही म्हणून. त्याने डबी शर्टाच्या वरच्या खिशात घातली, बटण लावलं आणि कुणालाच काही न सांगायचं ठरवून कामावर गेला.

नऊ वाजता मैदानाची व्यवस्थापक लोर्ना गार्डिपीने त्याला खोलीत बोलावलं. लोर्ना सरळ बोलणारी बाई होती. तिने बोलावलं की ओरेस्टला आधी आपल्या चुका आठवायच्या. आज एकच आठवली.

"बस. तुला एक सांगायचंय आणि ते तुला आवडणार नाही," लोर्ना म्हणाली.

 ओरेस्ट बसला म्हणण्यापेक्षा खुर्चीत कोसळला.

"मे महिन्यात ही जुनी इमारत पाडणार आणि पुढचा मोसम नव्या इमारतीत, हे तुला माहीतच आहे. म्हणजे उद्या या बर्फावरचा शेवटचा सामना. मी युनीस मॅक्लिशना बोलावलंय, बडच्या विधवेला. एकोणनव्वदच्या आहेत, पण येते म्हणाल्या. सामना संपला, हरो वा जिंको, की तू सगळ्यांसमोर दात खणून काढायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा."

"सगळ्यांसमोर?"

"तीन हजार लोक. टीव्हीवाले पण येतायत. काय रे, पांढरा का पडलास?"

"मला... भरून आलं," ओरेस्ट म्हणाला.

आता गप्प बसण्याचा मार्ग उरला नव्हता. दुपारी सराव संपून मैदान रिकामं झालं, तसा तो बर्फावर ठिपक्यापाशी गुडघ्यांवर बसला. एका हातात छोटं ड्रिल, दुसऱ्यात गरम पाण्याचा थर्मास. भोक पाडायचं, दात सोडायचा, पाणी ओतायचं. पाच मिनिटांचं काम. ड्रिल सुरू करणार तोच मागून आवाज आला.

"म्हातारबा, काय करतोयस?"

गोलरक्षक डेन्वर ओकेमासिस होता. डेन्वर रोज सगळे गेल्यावर परत यायचा आणि गोलच्या दोन्ही खांबांशी एकांतात चार शब्द बोलायचा. आतला बनियन त्याने बाद फेरी सुरू झाल्यापासून धुतला नव्हता. तो आल्याचं आधी नाकालाच कळायचं. आज ओरेस्टचं नाक भीतीने बंद झालं होतं.

"बर्फाची जाडी मोजतोय."

"दातावर?"

"दाताच्या शेजारी."

डेन्वर जवळ आला. "त्याला काही झालंय का?"

"कुणाला?"

"दाताला."

"छे, छे! ठणठणीत आहे. झोपलाय."

हे शब्द कुठून आले, ते ओरेस्टला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"झोपलाय?" डेन्वरचा चेहरा उतरला. "कधीपासून? उद्या सातवा सामना आहे आणि तो झोपलाय?"

"अरे, म्हणजे शांत आहे असं म्हणायचं होतं मला!"

पण डेन्वर खांबांशी न बोलताच निघून गेला होता.

दोन वाजता सगळ्या संघाला कळलं की दात झोपलाय. तीन वाजता डोनटच्या दुकानात कळलं की दात हललाय. चार वाजता गावच्या रेडिओवर एका श्रोत्याने फोन करून विचारलं की मूस रिजच्या माणसांनी दात चोरायचा प्रयत्न केला हे खरं आहे का. निवेदकाने "याला अजून दुजोरा मिळालेला नाही" असं म्हटलं आणि मग कुणालाच शंका उरली नाही.

पाच वाजता ओरेस्ट ड्रिल लपवून पुन्हा मैदानावर गेला, तर मधल्या ठिपक्याभोवती चार घडीच्या खुर्च्या मांडून चार माणसं पहाऱ्याला बसली होती. पायांवर घोंगड्या, हातात कॉफी. त्यांत गावचे दंतवैद्य पेंकोस्कीही होते.

"तुम्हीसुद्धा, डॉक्टर?"

"विषय माझा आहे ना," पेंकोस्की म्हणाले. "तू जा घरी, ओरेस्ट. निर्धास्त झोप. सामना सुरू होईपर्यंत इथून आम्ही हलत नाही. या दाताला कुणी बोटसुद्धा लावू शकणार नाही."

"कुणीच नाही?"

"तूसुद्धा नाही," ते हसून म्हणाले. चौघेही हसले. ओरेस्टही हसला, कारण रडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी सामना सुरू झाला तेव्हा ओरेस्ट बर्फ घासायच्या गाडीवर फाटकाच्या आत बसला होता. डबी छातीशी होती. मूस रिजचा खेळाडू चकती घेऊन पुढे सरसावला की ओरेस्ट थरथरायचा आणि डबीत दात वाजायचा. दोन्ही मध्यंतरांत त्याने ठिपक्यावरून गाडी नेली. वाटलं, इथेच थांबावं, उतरावं, पालथं पडावं आणि कबूल करून टाकावं. पण गाडी थांबली असती तर लोकांनी कागदी पेले फेकले असते, म्हणून तो पुढे गेला. हरलो तर एडमंटनला बहिणीकडे जायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बहिणीला हॉकीत रस नव्हता.

तिसऱ्या सत्राअखेर दोन-दोन अशी बरोबरी होती. जादा वेळात पहिला गोल करेल त्याचा करंडक. चौथ्या मिनिटाला मूस रिजचा एक फटका डेन्वरला चकवून खांबावर ठणकन आदळला आणि बाहेर गेला. डेन्वरने खांबाला थोपटलं. सुटलेली चकती पाइकच्या पोरांनी उचलली, तिघं सुसाट पुढे गेले, एकाचा फटका हुकला, दुसऱ्याच्या बुटाला लागून चकती वळली आणि आत गेली.

बासष्ट वर्षांचा आवाज एकदम छपराला भिडला. ओरेस्टने मात्र डोळे मिटले. आता एडमंटनही हातचं गेलं होतं. आता खणायचं होतं.

करंडक मैदानभर फिरवून झाला. बर्फावर लाल पट्टी अंथरली गेली आणि युनीस बाई वॉकरला धरून, पावलापावलाने मधल्या ठिपक्यापाशी आल्या. लोर्नाने ओरेस्टच्या हातात ड्रिल आणि छिन्नी दिली. तीन हजार माणसं इतकी गप्प झाली की यंत्रखोलीची घरघर ऐकू येऊ लागली.

दात ओरेस्टच्या डाव्या मुठीत होता. त्याने भोक पाडलं, छिन्नीने बर्फ उडवला, मूठ खड्ड्यात घातली, उगाच चाचपलं आणि वर काढून उघडली.

"सापडला!" आवाज चिरकला. लोकांना वाटलं, गहिवरला. पेंकोस्की डॉक्टरांनी डोळे पुसले.

युनीस बाईंनी दात घेतला, चष्मा चढवला, उलटसुलट करून पाहिला. लोर्ना ध्वनिक्षेपकाची वायर सोडवत होती. तेवढ्यात बाई ओरेस्टकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हा बडचा नाही."

ओरेस्ट दाताकडे पाहू लागला.

"बडला सतराव्या वर्षी घोड्याने लाथ मारली होती. वरची कवळी होती त्याला, लग्नाआधीपासून. हा खरा दात आहे. फोलीचा असणार."

"कोण फोली?"

"मूस रिजचा. बडने त्याला कठड्यावर आपटला होता ना त्या दिवशी. फार वाईट दिसत होता बिचारा. बडच्या तोंडातलं रक्त ओठाचं होतं."

"म्हणजे बासष्ट वर्षं आपण..."

"त्यांचा दात आपल्या मैदानाखाली सांभाळत होतो. हो."

ओरेस्टला ते चारही पराभव एकामागोमाग आठवले. गालगुंडासकट. "तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बडला म्हटलं होतं मी. तो म्हणाला, लोक खूश आहेत, राहू दे. शिवाय दर सामन्याला त्याला पुढच्या रांगेत बसवायचे." बाईंनी चष्मा काढला. "आणि तू रे? खड्ड्यात हात घालायच्या आधीच तुझी मूठ मिटलेली होती. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. कुठे होता हा वर्षभर?"

"जाकिटात," ओरेस्ट पुटपुटला. "विसरलो."

बाईंनी करंडकाकडे पाहिलं, मग दाताकडे, मग ओरेस्टकडे. लोर्नाने ध्वनिक्षेपक पुढे केला.

"हा माझ्या बडचा दात," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तो घरी नेऊन मी काय करू? नव्या मैदानात जाऊ दे. आणि तो ठेवायचं काम या ओरेस्टनेच करायचं, दरवर्षी. बरोबर यंदासारखंच."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी दात ओरेस्टच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं स्वतः मिटवली.

सप्टेंबरमध्ये नव्या इमारतीत पहिला बर्फ धरायचा दिवस आला. ओरेस्टने हलकं जाकीट घातलं, दिवे मालवले, निळ्या ठिपक्याच्या जागी एकटाच पाच मिनिटं उभा राहिला. अमोनियाची घंटा वाजली नाही. तरी तो यंत्रखोलीपर्यंत धावत गेला, दोन तास तिथे बसला, परत आला आणि पाणी सोडलं.

घरी डार्लीनने दारातच विचारलं, "विसरलास ना?"

"विसरलो."

"नक्की?"

ओरेस्टने खिसा चाचपला. डबी होती. त्याने जाकीट कपाटात टांगलं, दार लावलं, पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

"चर्चला जुने कपडे गोळा करतायत," डार्लीन म्हणाली.

ओरेस्ट कपाटाला पाठ लावून उभा राहिला. "याला हात लावायचा नाही. आणि हे धुवायचंही नाही."