आरशामागची उशी

सुरुवातीलाच कबूल करतो, मी 'हो' म्हटलंच नव्हतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत मला डुलकी लागली होती, बायको समोर बसून काहीतरी विचारत होती आणि झोपेत माझी मान दोनदा खाली गेली. तिने तो होकार धरला. जाग आली तेव्हा टीव्हीवरच्या जादूगारांच्या स्पर्धेचा फॉर्म भरून गेलासुद्धा होता आणि 'सहायक' या रकान्यात माझं नाव होतं. (बावीस वर्षं मी आवक-जावक विभागात कारकुनी करतोय. एकदा गेलेला कागद परत येत नाही, हे मला कोणी सांगायला नको.)

बायको जादूगार आहे. अठरा वर्षं वाढदिवसांना आणि शाळांमध्ये प्रयोग करते. तरी अजून लोक फोनवर तिलाच विचारतात, जादूगारसाहेब घरी आहेत का. स्पर्धेला वयाची अट पंचेचाळीसची आणि तिला पुढच्या महिन्यात सेहेचाळिसावं लागणार होतं. "या वेळी नाही जमलं, तर सगळं सामान देऊन टाकते," असं ती म्हणाली, तेही कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी शांतपणे. भांडली असती तर मी काहीतरी सबब सांगितली असती. या शांतपणापुढे माझं काही चाललं नाही.

प्रयोग होता नवरा गायब करण्याचा. त्यासाठी सुताराकडून उभं कपाट करून घेतलं. आत एक तिरका आरसा आणि त्याच्यामागे मी अंग चोरून बसायचं. (हे बाहेर सांगायचं नाही असं मला बजावलंय, तेव्हा तुम्हीही सांगू नका.) बायकोने काठीने तीनदा ठकठक केलं की गुडघ्याने आरसा सरकवून उभं राहायचं आणि हसायचं. सुताराने माझं बसलेलं माप घेतलं, पोटापाशी टेप दोनदा लावून पाहिला आणि फळी तीन इंच पुढे घेतली.

महिनाभर मी रोज संध्याकाळी सातला गायब व्हायचो आणि साडेआठला भाजी चिरायला प्रकट व्हायचो. गुडघे बोलायला लागले. मग बायकोने जुन्या चादरी कापून आरशामागे बसायला एक उशी शिवली, मग पाठीला एक, मग डोक्यामागे एक. मला फार बरं वाटलं. लग्नानंतर माझी इतकी काळजी तिने प्रथमच घेतली होती (किंवा माझ्या लक्षात प्रथमच आली होती).

एक गोष्ट मात्र मी तिला सांगायला हवी होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्ड रूममधल्या दोन रॅकांच्या मधे वीस मिनिटं बसल्या बसल्या झोपतो. अंधार, अरुंद जागा, पाठीला लाकूड. माझ्या शरीराला या तिन्हींचा मिळून एकच अर्थ ठाऊक आहे.

चित्रीकरणाला सकाळी सातला बोलावलं आणि आमचा नंबर संध्याकाळी पाचला लागला. तोपर्यंत माझ्या तोंडाला तीनदा पावडर लावून झाली होती. शेवटी मी कपाटात शिरलो, आरशामागे सरकलो, दार लागलं. जरा डोळे मिटावेत म्हटलं.

पुढचं मी पंधरा दिवसांनी टीव्हीवरच पाहिलं. बायको दार उघडते, कपाट रिकामं. टाळ्या. दार लावते, तीनदा ठकठक, उघडते. कपाट रिकामंच. पुन्हा ठकठक, पुन्हा रिकामं. तिचं हसू जागेवर होतं, पण काठी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गडद चष्मा लावलेले एक खडूस परीक्षक म्हणाले, "बाई, माणूस परत आणायचा असतो."

तेवढ्यात रिकाम्या कपाटातून घोरणं ऐकू आलं. चांगलं लांबलचक, शेवटी शिट्टी असलेलं. बायकोने क्षणभर कान दिला, मग परीक्षकांकडे वळून म्हणाली, "माणूस कधीच गेला साहेब. हे तेवढं मागे राहिलं. वीस वर्षं घालवायला बघतेय, माझ्या कुठल्याच काठीने जात नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मला जाग आली तेव्हा दोन कामगार कपाट ढकलत नेत होते. बायकोने दार उघडलं. तिची अठरा वर्षं मी तीन उशांवर झोपून घालवली, या विचाराने मी आतच बसून राहिलो. ती तिथेच जमिनीवर बसली आणि हसत हसत रडायला लागली. "अहो, पुढच्या फेरीत गेलो आपण," ती म्हणाली. ते 'आपण' मी मनात दोनदा म्हणून पाहिलं.

पुढच्या फेरीसाठी परीक्षकांना घोरणं पुन्हा हवं होतं. मी ऐटीत रजेचा अर्ज टाकला. पण तालमीला बसलो की झोप म्हणून येईना. माझं घोरणं देशभर ऐकलं जाणार, या काळजीने डोळे टक्क उघडे. चार दिवस बायकोने वाट पाहिली. पाचव्या दिवशी, रविवारी, मी जेवून खुर्चीत कलंडलो असताना तिने माझ्या कानाशी फोन धरून अकरा मिनिटं रेकॉर्डिंग करून घेतलं.

"आता तुम्ही दमू नका, घरीच आराम करा," ती मायेने म्हणाली.

गायब व्हायला सुतार जाणार आहे. त्याला उशी लागत नाही. नव्या फॉर्मवर 'सहायक' या रकान्यात त्याचं नाव आहे. माझं त्याच्याखाली, 'पार्श्वसंगीत' या रकान्यात.