बापू बसत का नाहीत

बापूंनी ठरवलं, घरात कुणाला सांगायचं नाही. तिथेच सगळं बिनसलं.

तसं दुखणं काही अवाढव्य नव्हतं. सकाळी संडासात आग व्हायची, मग दिवसभर खाज, हाताला वाटाण्याएवढी गाठ लागायची आणि अधूनमधून लाल थेंब दिसायचे. पहिल्या वेळी बापूंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वेळी मोबाईल उघडला. मोबाईलने आधी 'मूळव्याध असू शकते' म्हणून धीर दिला, आणि जरा खाली सरकल्यावर थेट कॅन्सरचं नाव काढलं. आपलं आता काही खरं नाही, हे त्यांच्या मनाने पक्कं घेतलं.

डॉक्टर पुढच्याच गल्लीत होता. पण तो पडला बायकोचा धाकटा भाऊ. बापूंच्या ढेरीवर, टकलावर, घोरण्यावर बोलायची एकही संधी न सोडणारा. त्याच्यासमोर पालथं पडायचं? (आणि मग जन्मभर त्याला तोंड दाखवायचं?) छे!

मग बापूंनी आपल्या अकलेने उपचार सुरू केले. कधी नव्हे ते काकड्या आणि पपया खायला लागले, पाण्याचे तांबे रिचवायला लागले. सकाळी कोमट पाण्याचा टब घेऊन न्हाणीघरात कोंडून घेऊ लागले. जेवण उभ्याने, टीव्ही उभ्याने, झोप पालथी. बाकी वेळ हॉलमध्ये येरझाऱ्या. बायकोने विचारलं की म्हणायचे, पाठ मोकळी होते.

हे खपूनही गेलं असतं, पण बापू खुर्च्यांच्या दुकानात सेल्समन होते. "बसून बघा, उठावंसं वाटणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक आजोबा म्हणाले, आधी तुम्ही बसून दाखवा. मालक समोरच उभे होते. बापू बसले, आणि त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की आजोबांनी खुर्चीच्या स्प्रिंगा तपासल्या आणि काठी उचलून चालू लागले. मालकांनी लगेच घरी फोन लावला आणि बापूंचं काही बिनसलंय का म्हणून विचारलं. बायकोने फोन ठेवला आणि भावाला बोलावून घेतलं.

संध्याकाळी बापू घरी आले तर मेहुणा सोफ्यावर पाय पसरून बसलेला.

"बसा ना भाऊजी."

"ठीक आहे मी."

बायकोने मग काकडीपासून टबापर्यंत सगळं भावापुढे मांडलं. बोलता बोलता तिचा आवाज कापायला लागला. "अहो, इतकी वर्षं संसार केला आपण. मलासुद्धा सांगता येऊ नये, असं काय आहे?"

बापू सांगणारच होते. तेवढ्यात मेहुणा गालातल्या गालात हसला. "कोणी बाईबिई नाही ना, भाऊजी?"

चेष्टाच होती ती. पण त्या हसण्याने बापूंचं डोकं फिरलं. अब्रू जायची ती मूळव्याधीनेही जाणार आणि बाईनेही जाणार. पण बाईत निदान थोडा रुबाब होता.

"आहे," बापू म्हणाले.

आता रडारड होणार, भांडी आपटणार, म्हणून बापू छाती काढून उभे राहिले. बायकोने त्यांना टकलापासून ढेरीपर्यंत एकदा नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, ह्यांना काहीतरी फार मोठं झालंय," ती भावाला म्हणाली. "काय बरळतायत बघ. आत्ताच्या आत्ता तपास."

"खरंच आहे!" बापूंना हे फार लागलं. "दुकानात आली होती. खुर्ची घ्यायला."

नाव काय, असं बायकोने विचारल्यावर बापू पंख्याकडे बघू लागले. नाव अजून विचारलं नाही, म्हणाले.

मेहुणा सावरून बसला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "भाऊजी, रक्त पडतं का?"

बापूंचं सगळं अवसान गळालं. "थोडं पडतं," ते म्हणाले. "मी मरणार का रे?"

मेहुण्याने समजावलं, की बहुतेक साधी मूळव्याधच दिसतेय. पण रक्त दिसलं की अंदाजावर राहायचं नसतं, सकाळी दवाखान्यात या, नीट बघू. कॉलेजात असताना त्यालाही झाली होती, आणि त्यानेही घरी सांगितलं नव्हतं.

बायकोला आता खरं रडू फुटलं. "मला वाटलं तुम्ही मला सोडून देवाघरी चाललात," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. बापूंचेही डोळे भरून आले. पण मनातून ती खोटी बाई काही जाईना.

"समजा, खरंच बाई असती तर?"

बायकोने आतून एक मऊ उशी आणली आणि खुर्चीवर थोपटून ठेवली.

"तर तिला ही उशी दिली असती आणि म्हटलं असतं, आता तू सांभाळ बाई, मी दमले. बसा."

बापू मुकाट्याने बसले, आणि आई गं म्हणत परत उठले.