बुजगावण्याचं डोकं

भिंगरीने वर्गाला बजावून ठेवलं होतं, शुक्रवारचा भाग कोणीही एकटीने बघायचा नाही. नंतर झोप उडाली तर ती जबाबदार नाही. भुतांच्या विनोदी मालिकेत तिला बुजगावण्याची भूमिका मिळाली होती, आणि बुजगावणं म्हणजे त्या भागाचा कणाच. दुसऱ्यांच्या जमिनी लाटणारा म्हातारा शेतातून चाललेला असतो, बुजगावणं हळूच मान वळवतं आणि म्हाताऱ्याची बोबडी वळते.

"संवाद नाहीत. डोळ्यांनी बोलणार आहे मी," ती म्हणाली. तोंडावर गोणपाट असणार, एवढं मात्र तिने गाळलं.

चित्रीकरण आत्याच्या कोबीच्या शेतात होतं. दिव्यांची मांडणी होईपर्यंत भिंगरी उन्हात थकू नये म्हणून कपडेवाल्या ताईंनी तिच्याच मापाचं, तसल्याच कपड्यांतलं पेंढ्याचं बाहुलं तिच्या जागी रोवलं होतं. दिवेवाल्यांची ही नेहमीची रीत. सजूनधजून आलेली भिंगरी ते उपटायला गेली, तोच आत्या कडाडली.

"अगं ए, पाय उचल. रोपं तुडवतेस की."

"आत्या, ही माझी जागा आहे. खूण केलीय."

"खूण गेली खड्ड्यात. कालच लावलीत ती. बांधावर उभी राहा, तिथूनही दिसशील. एवढी ताडमाड तर वाढलीयेस."

आत्यापुढे दिग्दर्शकाचंही काही चालत नव्हतं, तिथे भिंगरीची काय कथा. ती निमूट मागच्या बांधावर गेली आणि हात पसरून उभी राहिली. कॅमेरा आपला बाहुल्यावरच रोखलेला.

"शाब्बास पोरी," लांबून कर्ण्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला. "काय स्थिर उभी आहेस. जराही हलत नाहीस."

भिंगरीची छाती फुगली. कानात मुंगी शिरली तरी ती ढिम्म.

"आता मान. हळू."

भिंगरीने मान अशी वळवली की तिची तिलाच भीती वाटली. नेमका तेव्हाच वारा सुटला. कोबीतल्या बाहुल्याचं डोकं गर्रकन फिरलं, दोनदा डोललं आणि म्हाताऱ्या नटाच्या पायाशी जाऊन पडलं. नट चपला तिथेच सोडून पळाला.

"पोरगी गेली!" ताई किंचाळल्या.

आपणच तिला बांधावर पाठवलंय हे विसरून आत्या खुरपं टाकून धावली, आणि थेट कालच्या रोपांमधून धावली. काय झालं ते बघायला भिंगरीही धावत आली. गोणपाटातलं ध्यान अंगावर येताना पाहून नट पुन्हा पळाला. आत्याने तिचा गळा चाचपला, डोकं हलवून पाहिलं आणि पाठीत एक धपाटा घातला.

"जिवंत होतीस तर बोलायला काय झालं होतं?"

"बुजगावण्याला संवाद नाहीत ना, आत्या."

भिंगरीने दिग्दर्शकाला गळ घातली, पुन्हा घ्या म्हणून.

"पुन्हा? असं पळणं त्याला जन्मात जमणार नाही. हेच ठेवतोय."

"पण ते बाहुलं होतं."

"कोणाला कळतंय? नाव तुझंच देऊ."

भिंगरी घटकाभर रुसली. मग तिला पटलं. नाव आपलं, कपडे आपल्या मापाचे, उरलं काय?

शुक्रवारी संध्याकाळी सगळा वर्ग एका मैत्रिणीच्या घरी जमला. डोकं पडलं तेव्हा मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. शेवटी पडद्यावर नाव आलं, तशी भिंगरी ऐटीत उठून उभी राहिली.

"मला ओळखलंत का गं?"

"लगेच," मैत्रीण म्हणाली. "डोक्यातून पेंढा सांडला ना, तेव्हाच."