खंडोजीअण्णांची लॉरी

खंडोजीअण्णांची लॉरी सुरू करायला आमची अख्खी गल्ली लागायची. आणि हे अण्णा म्हणजे साऱ्या बंगळुरात जुन्या अवजड यंत्रांचे स्टार्टर दुरुस्त करणारा पहिल्या नंबरचा माणूस!

रोज सकाळी बनशंकरीतल्या आमच्या उतारावर भोंगा वाजायचा. कुणी गालाला साबण लावून, कुणी पूजा अर्धी टाकून धावायचा. अण्णा स्टिअरिंगवरून ओरडायचे, "स्वल्प धक्का! स्वल्प!" लॉरी खोकत जागी झाली की ते खाली उतरत, थर्मासमधली कॉफी सगळ्यांना देत आणि घरोघरची खबर घेऊनच कामाला निघत.

स्टार्टर मेला, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. जळका स्टार्टर आला की आधी त्याचा वास घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना धीर द्यावा तसं सांगायचे, "मेला नाही. झोपलाय."

नव्वदच्या दशकाच्या मध्यात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यामागचा म्हातारा बुलडोझर भंगारात निघाला. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, स्टार्टर कुठे मिळेना. अण्णांनी मालकाकडून रविवारपर्यंत मुदत मागितली. भंगारबाजार पालथा घालून एका मोडक्या क्रेनचा स्टार्टर आणला, त्यावर नवी तार गुंडाळली, दांडा पेलणारे झिजलेले बुश काढून नवे स्वतः घडवले.

रविवारी मीही गेलो. गॅसकटरवाला टपूनच बसला होता. अण्णांनी बटण दाबलं. टक्. पुन्हा टक्.

"सोडा हो अण्णा," मालक म्हणाला.

अण्णांनी बॅटरीची तार खरवडून आवळली, पुन्हा दाबलं, आणि तो राक्षस गरजला! काळा धूर, कावळ्यांची पळापळ, मालकाने अण्णांना मारलेली मिठी, माझ्या शिट्ट्या!

परतताना मी पेटलोच होतो. दुसऱ्यांची यंत्रं उठवणाऱ्या माणसाची लॉरी लोकांनी ढकलायची? हा अन्याय आहे!

"अण्णा, तुमच्या लॉरीला स्टार्टर बसवा."

"सरी, बरं, बघू."

"कधी?"

"बघू रे."

कामगारांच्या संपांची पत्रकं वाचतच वाढलेला मी. दुसरं काय करणार? ‘अण्णा स्टार्टर बसवेपर्यंत ढकलणं बंद!’ असं पत्रक काढलं आणि अण्णांचं दार सोडून घरोघर वाटलं. गल्लीने हसतहसत संप मान्य केला.

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. कुणी हललं नाही. आम्ही खिडक्यांच्या फटींतून बघत होतो. पुन्हा भोंगा. अण्णा उतरले. पायरीवर पेले मांडून त्यांनी कॉफी ओतली आणि बंद दारांकडे बघत उभे राहिले. वाफ विरली. मग एकेक पेला गटारात रिकामा केला, वर चढले आणि बटण दाबलं.

लॉरी एका दमात सुरू झाली.

दारं उघडली. समोरच्या सरोजाक्का सगळ्यांच्या आधी पोचल्या. "अण्णा, स्टार्टर होता?"

"पहिल्यापासून." अण्णा समोरच बघत होते. "ही गेल्यावर घरात मी एकटा, अक्का. नुसतं कॉफीला बोलावलं असतं, तर रोज कोण आलं असतं?"

माझ्या खिशात घोषणा पुष्कळ होत्या. एकही कामाची नव्हती.

सरोजाक्कांनी पदर खोचला. "आधी बंद करा ती. झोपलीय, दिसत नाही? स्वल्प धक्का पाहिजे."

अण्णांनी लॉरी बंद केली. मी मागे जाऊन पहिला हात लावला.