आम्ही आमचं घर बघायला गेलो

शनिवारी सकाळी आपलं घर भाड्यानं द्यायचं आणि रविवारी संध्याकाळी ते जसंच्या तसं परत घ्यायचं, एवढाच माझा साधा बेत होता. त्यात कोणाचं वाईट व्हावं असं काहीच नव्हतं. जे झालं ते माझंच झालं.

मी लोणावळ्यात एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. (कनिष्ठ होतो तेव्हाही हेच टेबल होतं, हीच खुर्ची होती. आता खुर्चीवर टॉवेल आहे.) सरकारी नोकरी म्हटलं की लोकांना माझा हेवा वाटतो, आणि त्यांना हेवा करायला वेळ आहे म्हणून मला त्यांचा. लोणावळ्याची अडचण अशी, की इथे दर शुक्रवारी संध्याकाळी महागाई मुंबई-पुण्याहून गाडीत बसून येते. मंगळवारी हसतखेळत मिळणारं लिंबू शनिवारी ओळख दाखवत नाही. मंगळवारी मला "या साहेब" म्हणणारा रिक्षावाला शनिवारी माझ्या हातात बॅग आहे का ते आधी बघतो. पगार मात्र मंगळवारी असतो तेवढाच शनिवारी असतो.

त्यात आमच्या घरमालकीणबाई, नंदाबाई, यांनी भाडं वाढवलं. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "तुम्हाला सरकार महागाई भत्ता देतं. मला कोण देतं?" तेव्हापासून सरकार भत्ता मला देतं आणि मी तो नंदाबाईंना देतो.

अशा वेळी सुरज भेटला. सुरज म्हणजे हायवेच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा हलवत उभा राहणारा एजंट. गाडी दिसली की जुडगा वाजवायचा आणि "बंगला, फ्लॅट, फॅमिली रूम" म्हणायचं, हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "सर, तुमचा फ्लॅट शनिवार-रविवार द्या. वाढलेलं भाडं सगळं निघून येईल. फोटो तेवढे भिंतीवरून काढा, कपडे दिवाणात कोंबा, भांडी राहू द्या." (हे वाचणारं कोणी माझ्या वरिष्ठांपैकी असेल, तर त्यांनी इथून पुढचं सगळं काल्पनिक समजावं.)

रेणुकानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं, "ते लोक आपल्या घरात राहणार. मग आपण कुठं राहायचं?"

"वडिवळ्याला. मामांनी रविवारसाठी बोलावलंच आहे."

मामा म्हणजे माझे सासरे, हौशीराम. वडिवळ्याला धरणाच्या खाली त्यांची भातशेती आहे आणि एक म्हैस आहे. ही म्हैस मामांशिवाय कोणाला धार काढू देत नाही, त्यामुळे मामा मुक्कामाला कुठेच जात नाहीत आणि आमचा फ्लॅट त्यांनी कधी बघितला नव्हता. त्या म्हशीचे माझ्यावर फार उपकार आहेत. कारण एकदा बोलण्याच्या भरात मी मामांना फ्लॅट स्वतःचा आहे असं सांगून टाकलं होतं. पवनानगरला पर्यटकांसाठी तंबू टाकून बसलेल्या एका बागायतदाराचं स्थळ नाकारून त्यांनी मला मुलगी दिली होती. तो आता एवढ्या मोठ्या गाडीतून फिरतो, की ती वळवायला त्याला शेजाऱ्याचं शेत लागतं. मामांना पश्चात्ताप होऊ नये म्हणून मी फ्लॅट घेतला. तोंडानं.

शनिवारी आम्ही वडिवळ्याला पोचलो तर मामा खुशीत होते. माझी मेव्हणी कोमल, तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर, तिला स्थळ आलं होतं. मुलगा आकाश, पुण्यात सरकारी नोकरीत. बोलणी जवळजवळ जमली होती, आता फक्त मुलाचं घर बघायला जायचं होतं.

"जावईबापू, लय भारी काम झालं," मामा म्हणाले. "पोरगं सरकारी, आन फ्लॅट लोनावळ्यात. सोताचा. तुमच्यावानीच."

"पुण्यात नोकरी आणि फ्लॅट लोणावळ्यात?" मी म्हणालो.

"पुन्यात बी घिऊ शकतो. पन त्याला हवा मानवती हितली."

मी मनातून जळलो. माझ्यापेक्षा लहान पोरगा, माझ्याच सरकारचा नोकर, आणि लोणावळ्यात फ्लॅट. लाच खात असणार, असं मी रात्री रेणुकाला सांगितलं. ती म्हणाली, "झोपा आता. तुम्हाला तेही जमलं नाही."

रविवारी सकाळी मामा, रेणुका, कोमल आणि मी असे चौघे गावातल्या सोपानच्या जीपमधून निघालो. आमचे चिरंजीव आजीपाशी आणि म्हशीपाशी राहिले. कोमलच्या मोबाईलवर मुलानं पत्ता पाठवला होता आणि ती नकाशा बघून सोपानला वाट सांगत होती. कामशेत गेलं, वलवण गेलं. तुंगार्लीकडे वळलो तेव्हा मी म्हणालो, "अरे वा, आमच्याच बाजूला." पुढच्या वळणाला म्हणालो, "आमच्याच गल्लीत." मग जीप आमच्याच बिल्डिंगसमोर थांबली.

कोमल महिन्याभरापूर्वी एकदा आमच्याकडे येऊन गेली होती. तिनं आधी मोबाईलकडे बघितलं, मग बिल्डिंगकडे, मग माझ्याकडे. मग ओढणी तोंडात धरून ती खिडकीबाहेर बघत बसली. तिचे खांदे हलत होते.

"दुसरा मजला," तिच्या मोबाईलवरचा पत्ता वाचून सोपान म्हणाला.

"अहो," रेणुका माझ्या कानाशी म्हणाली, "आपल्याकडं कोण उतरलंय?"

"फॅमिली पार्टी," मी म्हणालो.

गेटवर नेमका बदली वॉचमन होता. त्यानं मला वहीत नाव लिहायला लावलं आणि 'कोणाकडे जायचे' या रकान्यात मी माझाच फ्लॅट नंबर लिहिला. जिना चढताना मी देवाचं नाव घेत होतो. दार माझ्याच दारासारखं वाजलं आणि उघडलं.

"या, या. आपलंच घर समजा," मुलाचे वडील रतनराव म्हणाले.

मी समजलो.

रतनरावांनी घर दाखवायला सुरुवात केली. मी खोटं बोलतो, पण ही कला मला कधी जमली नाही. "हा सोफा मुद्दाम गुजरातहून मागवला," ते म्हणाले. (तो मी कामशेतला जुन्या बाजारात घेतला होता. एका पायाखाली अजूनही कचेरीतलं परिपत्रक आहे.) "खिडकीतून डोंगर दिसतो, त्याचेच जास्त पैसे लागले." मामा प्रत्येक भिंतीवर थाप मारून "मजबूत हाय" म्हणत होते. रेणुकानं सवयीनं पंखा लावला आणि मग दचकून बंद केला. माझा हात चपलांच्या कपाटाकडे गेला होता, तो मी खिशात घातला.

तेवढ्यात मुलाची आई बाथरूममध्ये अडकली. आतून दार वाजू लागलं. आकाश आणि रतनराव दाराशी झटापट करू लागले आणि माझा जीव राहिना, कारण ते दार तोडलं तर नंदाबाई माझ्याकडून नवीन बसवून घेतील.

"दार वर उचला, डावीकडं ढकला आणि कडीवर एक बुक्की मारा," मी ओरडलो. दार उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुमाला कसं म्हाईत?" मामांनी विचारलं.

"आमच्या कचेरीतलं असंच आहे," मी म्हणालो. रेणुकानं डोळे मिटून घेतले.

मग मामांनी आकाशला समोर बसवलं आणि विचारलं, "पाव्हनं, खरं सांगा. सरकारी पगारात पुन्यासारख्या शहरात भागतं का?"

आकाशनं माझ्याकडे बघितलं. चांगला पोरगा होता, कपाळावर घाम होता. "भागतं की," तो म्हणाला. "उरतं सुद्धा. म्हणून तर हे घर."

"बघा," मामा मला म्हणाले, "तुमचं बी उरतं न्हवं?"

"उरतं," मी म्हणालो. एवढं मोठं खोटं दोन सरकारी नोकरांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून याआधी कधी बोललं नसेल.

मी हवा खायला म्हणून गॅलरीत गेलो. आकाश मागोमाग आला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुम्ही नोकरीतले आहात म्हणून सांगतो. हा फ्लॅट माझा नाही. पुण्यात आम्ही चौघं एका खोलीत राहतो. तुमचा स्वतःचा फ्लॅट आहे असं मध्यस्थानं सांगितलं, म्हणून बाबा म्हणाले आपलाही पाहिजे. कोणातरी कंजूष माणसाचा भाड्यानं घेतलाय. गीझरसुद्धा नीट नाही. कोमलला खरं सांगायचं आहे मला, पण स्थळ मोडेल अशी भीती वाटते. मला ती मनापासून आवडली आहे."

गीझरबद्दल मी त्याच्याशी वाद घातला असता. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला माझंच तोंड आठवलं, लग्नाआधीचं. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. खोटं मी बोललो होतो आणि लग्न मोडणार होतं त्याचं. "काही होत नाही," मी म्हणालो. "पोहे खायचे आणि निघायचं. तासाभराचा प्रश्न आहे."

आत पोहे आले. मुलाच्या आईनं स्टीलच्या ताटल्यांमधून आणले. त्या बघितल्या आणि रेणुका अर्धवट उठली, पुन्हा बसली. मला कळेना हिला काय झालं. तिनं मला तिची ताटली जरा तिरकी करून दाखवली. पोह्यांच्या कडेनं कोरलेली अक्षरं डोकावत होती.

माहेरची भांडी. लग्नात मामांनी दिलेली. तळेगावच्या दुकानात समोर बसून, प्रत्येक भांड्यावर मशीननं नाव घालून घेतलेली.

"मामा, पोहे पोटभर घ्या," मी म्हणालो आणि त्यांच्या ताटलीत माझे पोहे ओतले. रेणुकानं तिचे ओतले. कोमलनंही हसू दाबत तिचे ओतले. ताटलीत डोंगर झाला. पण मामा शेतकरी माणूस, ताटात टाकायची त्यांना सवय नाही. ते खात गेले. डोंगर खाली येत गेला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो आणि रतनरावांना वाटत होतं की पोहे फारच चांगले झालेत.

शेवटचा घास घेऊन मामांनी बोटानं ताटली पुसली. थांबले. ताटली उजेडाकडे धरली आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं, "चि. सौ. कां. रेणुका हिस. हौशीराम, मुक्काम वडिवळे."

मी माझी ताटली हळूच पालथी घातली.

"रतनराव," मामा शांतपणे म्हणाले, "माजी ताटली तुमच्या घरात कशी?"

रतनरावांनी आकाशकडे बघितलं, आकाशनं माझ्याकडे, मी रेणुकाकडे. रेणुकाकडेच काय ती हिंमत होती. "आबा," ती म्हणाली, "हे घर आमचं आहे. म्हणजे आमचं पण नाही, नंदाबाईंचं आहे, आम्ही भाड्यानं राहतो. भाडं परवडेना म्हणून यांनी दोन दिवस ते भाड्यानं दिलं. ते या लोकांनी घेतलं."

"म्हणजे तो कंजूष माणूस तुम्ही?" आकाश मला म्हणाला आणि लगेच "माफ करा" म्हणाला.

मामांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "घर नंदाबाईचं. ताटली माजी. मंग तुमा दोगा सरकारी मानसांचं हितं काय हाय?"

त्याच वेळी माझा फोन वाजला. गडबडीत स्पीकर चालू झाला आणि सुरजचा आवाज घरभर घुमला. "सर, तुमच्या फ्लॅटवर पार्टीनं जादा माणसं भरलीत. वॉचमन म्हणतोय चार जण आहेत. त्यातला एक टकल्या अगदी मालक असल्यासारखा फिरतोय म्हणे. जादा चार्ज लावू का?" माझा हात आपोआप टकलावर गेला.

पहिल्यांदा कोमल हसली. सकाळपासून कोंडलेलं होतं, ते थांबेना. मग आकाशची आई, मग रेणुका, आणि शेवटी मामाही हसायला लागले. डोळे पुसत कोमल म्हणाली, "आबा, मला मुलगा पसंत आहे. खोटं बोलताना किती घाम येतो त्याला बघा. दाजींना तर आता येतसुद्धा नाही. आणि आम्ही तळेगावात राहू, माझा पगार आहे."

"किती हाय तुजा?" मामांनी विचारलं. तिनं सांगितला. मी आणि आकाश, आम्ही दोघांनी एकाच वेळी खाली बघितलं.

लग्न ठरलं. भांडी घ्यायला मामा मला घेऊन तळेगावच्या त्याच दुकानात गेले. दुकानदारानं मशीन हातात घेऊन विचारलं, "नाव काय घालू?"

"ह्या येळंला नाव घालू नगा," मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "जावई सरकारी हायेत. कवा कुनाला भाड्यानं देत्याल, सांगता येत न्हाई."

पण थोरल्या जावयाचा मान म्हणून त्यांनी एक मोठं ताट वेगळं घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून त्यावर काहीतरी कोरून घेतलं. घरी येऊन बघितलं, तर ताटाच्या बरोबर मध्यभागी लिहिलं होतं, 'भाड्याने देणे नाही'.

रेणुका मला रोज त्याच ताटात वाढते. आमटी पातळ असली तर ती अक्षरं वाढतानाच दिसतात.