पावण्यानं अन्न सोडलं

आमच्या गल्लीत तात्यांच्या घरी जेवणाच्या वेळी मीठ मागायलासुद्धा कोणी जात नाही. गेलेला माणूस मीठ घेऊन परत येतो, पण दुपार कलल्यावर, आणि पोटावर हात ठेवून.

मी एकदा तात्यांनी नेलेली माझी शिडी परत मागायला गेलो होतो. तात्या ताटावर बसले होते. मला बघताच त्यांनी दुसरा पाट सरकवला. "बसा मास्तर." मी म्हणालो, आत्ताच जेवून उठलोय. "मग तर बरंच झालं की. तोंड चालू हाय, आणखी चार घास काय जड न्हाईत." माझी प्रकृती तोळामासा. साध्या फोडणीच्या वरणानंही मला उशी उंच करून झोपावं लागतं. पण त्या दिवशी मी वांग्याचं कालवण, भाकरी, वर दहीभात आणि त्याच्यावर "पचायला बरा" म्हणून दिलेला रव्याचा लाडू एवढं खाऊन बाहेर पडलो. शिडी तिथंच राहिली. परत आणायला जायचं धाडस झालं नाही.

तात्यांपुढं ताटावर हात आडवा धरून उपयोग नसायचा. लग्नाच्या पंगतीत आमटीची बादली घेऊन ते फिरायला लागले की जाणकार पाहुणे आधीच उठायचे. कोणी हात आडवा धरला तर तात्या सरळ त्या हातावर पळी ओतत. हात भाजला की माणूस हात काढतो, आणि हात काढला की पान मोकळं. "खाल्ल्याबिगर सुट्टी न्हाय! अजून एक!" हे त्यांचं पालुपद. त्यावरून गल्लीनं त्यांचं नावच 'अजून-एक तात्या' ठेवलं. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस त्यांच्या घराचं रीडिंग खिडकीतून मान वाकडी करून घेतो. आत गेला की धपाटे.

तात्यांची नोकरी महापालिकेत, पाण्याच्या चाव्या सोडायची. ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे सायकलवर निघायचे. आख्ख्या पेठेला पाणी पाजलेल्या या माणसानं दारात आलेल्याला कोरडं जाऊ देणं शक्यच नव्हतं. पाण्यातलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही, हा त्यांचा दुसरा अभिमान. पहिला अभिमान आग्रहाचा.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का कोकणातल्या, रत्नागिरीच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावच्या. घाट चढून सून होऊन इकडं आल्या आणि मुलंबाळं नसलेल्या त्या घरात तात्यांच्या आग्रहाला तोंड देत राहिल्या. बोलणं हळूहळू आमच्यासारखं रांगडं झालं, पण एक तक्रार शेवटपर्यंत टिकली. नवऱ्याशी भांडण झालं की त्या म्हणत, "तुमच्या हितल्या पाण्याला वासच न्हाय." पाणी खात्यातल्या माणसाला हे फार लागायचं.

मग अक्कांच्या पोटात गाठ निघाली. हिंडून फिरून सगळे उपाय झाले आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, त्रास देऊ नका, आवडेल ते खाऊ घाला. तात्यांनी त्यातले शेवटचे दोनच शब्द ऐकले.

तेव्हापासून त्या घरात जे सुरू झालं, त्याला हसावं की काय करावं हे मला कळत नसे. सकाळी नाचणीची पेज, मग मुगाचं कढण, मग पांढऱ्या रश्शाचं नुसतं पाणी, मग परत पेज. अक्का तोंड फिरवायच्या. तात्या खाटेला वळसा घालून तोंड जिकडं असेल तिकडं जायचे. "एकच चमचा. माझ्यासाठी." आमची घरं एका भिंतीची; मी घरी असेन तेवढा वेळ हे मला पलीकडून ऐकू यायचं.

एक दिवस अक्का म्हणाल्या, समुद्र बघावा वाटतोय. घाट उतरण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. भूगोलाचा मास्तर म्हणून सांगतो, कोल्हापूरला समुद्र नाही. रंकाळा आहे, कळंब्याचा तलाव आहे, पण समुद्र म्हटलं की घाट ओलांडावाच लागतो. तात्यांनी समुद्रच खाटेशेजारी आणून ठेवला. काचेची मोठी पेटी, मोटर, दिवा, खाली वाळू. पाणी खरं, समुद्राचं. रत्नागिरीहून मासळी घेऊन येणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर मुश्ताक निळ्या कॅनमधून ते आणून द्यायचा. मेलेल्या माशांबरोबर जिवंत माशांचं पाणी यायचं. पेटीचं झाकण उघडलं की खोलीत खारट वास सुटायचा, आणि अक्का डोळे मिटून तो घ्यायच्या.

पेटीत तीन मासे सोडले होते. दोन लवकरच गेले, एक राहिला. बोटाएवढा, शेंदरी, अंगावर पांढरे पट्टे. अक्का त्याला पावणं म्हणायच्या, कारण तो लांबून आलेला आणि त्यांच्यासारखाच इथं अडकलेला. पावणं काचेशी येऊन तोंड उघडझाप करायचं. अक्का त्याच्याकडं बघत पडून राहायच्या. त्या खोलीत त्या दोघांचंच जमायचं.

करार अक्कांनीच केला. पावण्यानं जेवढे घास घ्यावेत, तेवढे चमचे पेज आपण घ्यायची. मला खात्री आहे, हा त्यांनी पूर्ण विचार करून टाकलेला डाव होता. एवढासा मासा, खाऊन खाऊन खाणार किती? चार दाणे. तेवढ्यावर तात्यांच्या तावडीतून सुटका.

पण त्यांनी चाळीस वर्षं संसार करूनही नवऱ्याला कमी ओळखलं. तात्यांनी माशालाच आग्रह सुरू केला.

"पावण्यानं सात घास खाल्लं! आता तुझं सात!" असा आरडाओरडा सकाळी ऐकू यायला लागला. आधी ते दुकानातले दाणे टाकायचे, मग बाजारातून कोळंबी आणून बारीक चिरून टाकायला लागले. दिवसातून दोनदाचं चारदा झालं. मासा खायचा, अक्कांना खावं लागायचं. काही दिवस खरोखरच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी आली. गल्ली तात्यांना हसत होती, आणि तात्या आनंदात होते.

मग एका सकाळी पावण्यानं अन्न सोडलं.

दाणा पुढ्यात आला की तोंडात घ्यायचं आणि लगेच थुंकायचं. कोपऱ्यात वाळूजवळ बसून राहायचं, कल्ले भराभर हलत असायचे. त्या दिवशी अक्कांनीही चमचा परत केला. "करार म्हंजे करार," त्या म्हणाल्या.

तात्यांची झोप उडाली. कुणी सांगितलं की माशाला लसणाच्या वासानं भूक लागते, तर त्यांनी दाणे लसणाच्या रसात भिजवून घातले. पावणं बघेना. अंड्याचा बलक घातला, सुकट कुटून घातली. खिमाही घातला असता, पण अक्का म्हणाल्या, ते कोकणातलं हाय, त्येला मटण बाधंल. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. खाऱ्या पाण्यातल्या माशावरून मीठ ओवाळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मी हसलो, तेव्हा तात्या माझ्याकडं वळले. "मास्तर, हसताय व्हय? हे खाईना झालंय म्हंजे ती खाईना झालीया. कळतंय का?" मला कळत होतं. म्हणूनच मी हसलो होतो, दुसरं काय करणार.

शेवटी मासे विकणाऱ्या दुकानातल्या स्वप्नीलला बोलावलं. त्यानं पेटीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. त्यानं पेटीतली वाळू काडीनं उकरली, आणि खालून काळपट, कुजका गाळ वर आला.

"तात्या, रोज किती घालता?"

"खाईल तेवडं. आन् वर थोडं."

"ते वरचं कुठं जातंय?"

तात्यांनी वाकून गाळाकडं पाहिलं.

"सगळं खाली कुजून पाण्यात विष झालंय," स्वप्नील म्हणाला. "त्याला दम घेता येईना, खाणार कसं? पाणी बदला. आणि दोन दिवस काही घालू नका."

"पाण्याचं तू मला शिकवतोस? हाडं झिजली माझी पाण्यात! आन् आजाऱ्याला उपाशी ठेवायचं? कुठल्या गावचा रं तू?"

"जयसिंगपूरचा."

"तिथं ठेवत असतील!" तात्यांनी वाटीतली कोळंबी मुठीत घेतली आणि पेटीचं झाकण उचललं.

"आवं," खाटेवरून आवाज आला. अक्का उठून बसायचा प्रयत्न करत होत्या. "ते नगं म्हणतंय. नगं म्हटल्यावर नगं. त्येला बोलता येत न्हाय म्हणून थुकतंय. माझं बी कवाधरनं तेच चाललंय की."

तात्यांची मूठ पेटीच्या वर तशीच राहिली. मग त्यांनी कोळंबी हळूच वाटीत ठेवली आणि वाटी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. स्वप्नील पैसे न घेताच निघून गेला.

मुश्ताकनं त्याच दिवशी ताजं पाणी आणलं. कॅन उचलताना माझी कंबर धरली. तात्यांनी गाळ उपसला, पेटीतलं पाणी बदललं, आणि खुर्ची टाकून बसले. एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला बायको. दोघांनाही काही द्यायचं नव्हतं. त्या माणसाला रिकाम्या हातांचं काय करायचं हे माहीतच नव्हतं. ते मांड्यांवर ठेवायचे, उचलायचे, परत ठेवायचे. भिंतीपलीकडं इतकी शांतता होती की मला घरात बसवेना. मी जाऊन त्यांच्याजवळ बसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणं मोटरजवळ आडवं तरंगत होतं. अक्कांनीच आधी पाहिलं. मी गेलो तेव्हा तात्या हातात जाळी घेऊन नुसते उभे होते.

"मीच मारलं," ते म्हणाले. "खायला घालून घालून मारलं, मास्तर."

ते उंबऱ्यावर जाऊन बसले. चहा गार झाला. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "पेज टाका मला."

तात्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे गं. करार मोडला आता. तुला सक्ती न्हाय."

"सक्ती न्हाय म्हणून तर उतरंल घशाखाली."

तात्यांनी पेज केली. अक्कांनी दोन चमचे घेतले. गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढं दुखत होतं. तिसरा चमचा त्यांनी तात्यांपुढं धरला. "ह्यो तुमचा. कालपासनं काय खाल्लं न्हाय तुमी." तात्यांनी तोंड उघडलं. मी बाहेर गल्लीत येऊन रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पावण्याला तात्यांनी डब्यात घालून मुश्ताककडं दिलं, घाटाखाली नेऊन समुद्रात सोड म्हणून. जन्मभर मेलेल्या माशांचे ढीग वाहिलेल्या मुश्ताकनं तो एवढासा डबा पाठीमागं टाकला नाही, शेजारच्या सीटवर ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्का गेल्या. शेवटपर्यंत तात्यांनी त्यांना "एकच चमचा" म्हटलं नाही. मागितलं तर दिलं, नाही मागितलं तर जवळ बसून राहिले.

परवा दुपारी मी माझी ती जुनी शिडी मागायला गेलो. पेटी अजून तिथंच होती, आत मासा नाही, मोटर मात्र चालू. विचारलं, बंद का करत नाही? "खोलीत वास ऱ्हातोय," तात्या म्हणाले. मग त्यांनी नेहमीसारखा पाट सरकवला. पिठलं केलं होतं, थोडं करपलेलं. मी एक भाकरी संपवली. ते पळी घेऊन आले, आणि मी सवयीनं ताटावर हात आडवा धरून डोळे घट्ट मिटले, भाजायची वाट बघत.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर पळी हाताच्या वर थांबलेली.

"नगं असंल तर ऱ्हाऊ द्या, मास्तर," तात्या म्हणाले, आणि पळी परत पातेल्यात ठेवली.

माझ्या पोटात आधीच जळजळ सुरू झाली होती. मी हात काढला. "वाढा की तात्या. अजून एक."

"खरंच पायजे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कोणाला विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

"खरंच."

त्यांनी अर्धीच पळी वाढली, आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले.